पंडिता रमाबाई : एका श्रद्धेची वाटचाल

सह्याद्रीच्या दक्षिण अंगाला गंगामूळ नावाचे घनदाट अरण्य आहे. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या नद्या त्याच डोंगररांगेत उगम पावतात. या अरण्यात एका चित्पावन शास्त्रीबुवांनी झोपडी बांधून आपला संसार थाटला होता. त्या झोपडीत २३ एप्रिल १८५८ रोजी एका कन्येचा जन्म झाला. पुढे या कन्येची कीर्ती कलकत्त्यापासून बोस्टनपर्यंत पसरली आणि तिच्या नावाने पुण्याच्या वर्तमानपत्रांत वादळे उठली. तिच्या विद्वत्तेविषयी आपल्या मुलांनी पाठ्यपुस्तकांतून थोडेफार वाचलेले असतेच. पण या विदुषीचे मन श्रद्धेच्या शोधात कोणत्या वाटांनी गेले, तिला कोणी कोणी शिकवले व कोणी कोणी दटावले आणि त्यातून तिने काय घेतले, हा भाग सहसा सांगितला जात नाही. तोच येथे मुख्यत्वे सांगावयाचा आहे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे वैष्णव पंडित होते. पेशव्यांच्या वाड्यात एक राजस्त्री संस्कृत श्लोक म्हणत असल्याचे त्यांनी तरुणपणी ऐकले होते आणि आपल्या पत्नीलाही संस्कृत शिकवावे अशी ओढ त्यांना तेव्हापासून लागली होती. त्यांनी हा विचार द्वितीय पत्नी लक्ष्मीबाई यांच्या बाबतीत तडीस नेला. समाजाने आक्षेप घेतला तेव्हा उडुपी येथे विद्वानांच्या सभेपुढे उभे राहून त्यांनी शास्त्राधारांनी आपले म्हणणे मांडले. अतिथी आणि विद्यार्थी यांच्या सत्कारात जवळचे सारे द्रव्य संपले, कर्ज झाले आणि शास्त्रीबुवा कुटुंबासह तीर्थयात्रेस निघाले. रमा तेव्हा अवघी सहा महिन्यांची होती. तिला वेताच्या पेटीत घालून ती पेटी एका गड्याच्या डोक्यावर दिली होती.

पुढची सोळा-सतरा वर्षे हे कुटुंब चालतच राहिले. देवळात बसून पुराण सांगावे, श्रोते जे देतील त्यावर निर्वाह करावा आणि उरलेले दानधर्मात घालावे, असा त्यांचा क्रम होता. लक्ष्मीबाई पहाटे, पाखरे जागी होण्याच्या सुमारास, मुलीला उठवून मांडीवर घेत व संथा देत. बाराव्या वर्षाच्या सुमारास भागवताचे अठरा हजार श्लोक रमेला मुखोद्गत होते. ज्या ज्या प्रांतात कुटुंब गेले तेथली भाषा तिच्या कानावर पडली. मायबाप मात्र घरात शुद्ध मराठीच बोलत आणि तीच तिची भाषा राहिली. शाळा म्हणून जी वास्तू आपण ओळखतो तिचे तोंड या मुलीने लहानपणी पाहिले नाही.

मग दुष्काळ आला. मद्रास इलाख्यात अन्न महाग झाले; पुराणिकाला दक्षिणा देण्याइतके कोणाजवळ उरले नाही. देवाला प्रसन्न करण्यासाठी कुटुंबाने व्रते केली, जवळचे उरलेसुरले द्रव्य ब्राह्मणांना दिले. अखेरीस दागिने गेले, भांडी गेली. जंगलातली पाने आणि ओंजळभर रानखजूर यांवर त्यांनी अकरा दिवस काढले. मोलमजुरी करणे किंवा भीक मागणे ही गोष्ट त्यांच्या कुलाभिमानाला सोसण्यासारखी नव्हती. विद्वत्ता असून तिचा उपयोग पोट भरण्यास होत नव्हता. १८७४ मध्ये अनंतशास्त्री वारले. थोड्याच महिन्यांत आईही गेली. तिच्या प्रेताला खांदा देण्यास माणसे मिळेनात. दोघे ब्राह्मण दयेने पुढे आले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमा. ती उंचीने ठेंगणी असल्यामुळे तिरडीची तिची बाजू खांद्यावर बसेना, म्हणून तिने ती डोक्यावर घेतली आणि स्मशानापर्यंत नेली. पुढे बहीणही पटकीने गेली. उरलेली दोघे भावंडे उत्तर हिंदुस्थानाच्या वाटेला लागली. झेलमच्या काठी थंडी असह्य झाली तेव्हा दोघांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, त्यात शिरून अंगावर वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली.

या वर्षांत त्या मुलीच्या मनातली जुनी श्रद्धा हळूहळू झिजत गेली. सांगितलेली सर्व व्रते केली, तरी आईबाप उपाशी मेले, ही गोष्ट तिला विसरता येईना. हिंदू वाचकांनी येथे रोष मानू नये. ज्या कुटुंबाने धर्मासाठी सर्वस्व वेचले त्याच कुटुंबातील मुलीचे हे दुःख आहे आणि तिने ते कोठेही हिणवण्याच्या सुरात लिहिलेले नाही. आईवडिलांविषयीची कृतज्ञता तिच्या लेखणीतून शेवटपर्यंत ओसंडत राहिली.

१८७८ मध्ये भावंडे कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. तेथेच काही ख्रिस्ती मंडळींच्या मेळाव्यास ती प्रथम गेली. चहापाणी झाल्यावर मंडळी खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकून डोळे मिटून बसली, तेव्हा हे लोक खुर्च्यांनाच भजतात की काय असे तिला वाटले! पुढे आयुष्यभर जिने त्याच रीतीने प्रार्थना केली तिची ही पहिली ओळख अशी गमतीची होती. केशवचंद्र सेन यांनी तिला वेद वाचण्यास दिला. स्त्रीधर्मावर व्याख्याने देण्यासाठी तिने धर्मशास्त्रे चाळली आणि तेथे स्त्रियांच्या मोक्षाधिकाराविषयी जे आढळले त्याने ती अधिकच अस्वस्थ झाली.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात निराळी, भाषा निराळी. दोन्हीकडचे लोक दुरावले. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा जन्मली आणि पुढच्या फेब्रुवारीत मेधावी पटकीने वारले. एकोणीस-वीस महिन्यांचा संसार आटोपला. आसामात असताना पतीच्या ग्रंथसंग्रहात तिला लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती व एका मिशनऱ्याकडून ती काही समजूनही घेत होती. परंतु पतीला ते रुचत नव्हते.

१८८२ मध्ये ती पुण्यास आली. आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले, हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची मागणी केली. पुस्तकाच्या विक्रीतून आलेला पैसा इंग्लंडच्या प्रवासास उपयोगी पडला. वैद्यक शिकावे हा तिचा हेतू होता. १८८३ मध्ये मनोरमा आणि आनंदीबाई भगत या मैत्रिणीसह ती निघाली. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमाने त्यांना आसरा दिला. फुकट अन्न खाणे तिला पसंत नव्हते. हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना ती मोबदल्यादाखल मराठी शिकवी. वैद्यकाचे स्वप्न मात्र तेथेच विरले, कारण तिला ऐकू कमी येत असे. त्यातच सोबत आलेली मैत्रीण परक्या भूमीवर अकाली मृत्यू पावली.

त्या भगिनींनी तिला लंडनजवळच्या फुलम येथील आपल्या आश्रमात नेले. वाममार्गाला लागलेल्या स्त्रियांना तेथे मायेने सांभाळले जात होते, त्यांच्याकडून काम करून घेतले जात होते, त्यांना पुन्हा उभे केले जात होते. पतित मानलेल्या स्त्रीला जवळ करणारा धर्म तिने यापूर्वी कोठे पाहिला नव्हता. हे कोठून आले असे तिने विचारले, तेव्हा विहिरीवर पाणी भरण्यास आलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा तिला वाचून दाखवण्यात आली. नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या पत्रांनी तिच्या बुद्धीच्या शंकांचे निरसन केले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी माता व कन्या दोघींचा बाप्तिस्मा झाला.

येथवर पोचल्यावर पुष्कळ चरित्रकार निःश्वास टाकतात, जणू पैलतीर गाठला. खरी परीक्षा यानंतरच सुरू झाली. आश्रमातील जेराल्डिन भगिनी तिच्या धर्ममाता झाल्या. रमाबाई व मनोरमा त्यांना प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत. या आजीबाईंना वाटे की नव्या शिष्येने नम्रपणे मंडळीचे सर्व सिद्धांत स्वीकारावेत. शिष्या कसली ऐकते! बापाने विद्वानांच्या सभेत वाद घातलेला. आईने पहाटे उठवून शास्त्रे शिकवलेली. त्रैक्याचा सिद्धांत तिला पटेना. जे बायबलात स्पष्ट दिसत नाही ते माणसांच्या सांगण्यावरून मानणार नाही, असे ती कळवी. क्रूसावरचा लेख लॅटिनमध्येच का असावा, आपल्या देशातल्या भाषेत का नको, हाही तिचा प्रश्न होता. आहार तिने शाकाहारीच ठेवला. चेल्टनहॅमच्या मुलींच्या महाविद्यालयात ती शिकू व संस्कृत शिकवू लागली, तेव्हा तिने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही यावर थेट हिंदुस्थानातल्या बिशपांनी मत दिले. त्यानेही ती दुखावली.

त्यांचा हा पत्रव्यवहार जेराल्डिन भगिनींनीच जपून ठेवला आणि १९७७ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. तो वाचताना शिक्षक म्हणून मला दोन्ही बाजूंनी संकोच वाटतो. वृद्ध भगिनी तिला अहंकारी म्हणतात, आणि त्यात थोडे तथ्य नाही असे म्हणवत नाही. शिष्या उलट लिहिते की गुरूचा शब्द हाच देवाचा शब्द मानणे मी एका धर्मात सोडून आले, ते दुसऱ्या धर्मात पुन्हा धरणार नाही. तीही खोटी नव्हे. पण लक्षात राहते ते निराळेच. इतके वाद होऊनही आजीबाई हे संबोधन सुटले नाही आणि प्रेमाची पत्रे थांबली नाहीत. आपल्या वर्गात एखादा हुशार विद्यार्थी उलट बोलला की आपण पुढे त्याची साधी विचारपूसही करीत नाही.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास हजर राहण्यासाठी ती अमेरिकेस गेली आणि तेथेच तीन वर्षे राहिली. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर लिहिलेले तिचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघाले. बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षांचे आर्थिक आश्वासन मिळाले. शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील अशी अट होती. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस ‘शारदा सदन’ उघडले, तेव्हा दोनच विद्यार्थिनी होत्या. त्यांपैकी गोदूबाई या विधवा मुलीचे पुढे महर्षी कर्व्यांशी लग्न झाले, हे आपल्या वाचकांस ठाऊक असेलच. पुढच्या वर्षी सदन पुण्यास नेले.

या काळात बाईंच्या अंतरंगात एक गोष्ट घडली. बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाली होती. विल्यम हॅसलम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ पुष्कळ वर्षे उपदेश करीत होता आणि मग त्याला उमगले की आपणच अजून श्रद्धेपर्यंत पोचलेलो नाही. ते वाचून रमाबाई थबकल्या. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, त्याचे सिद्धांत आपण तपासले, त्यावर वाद घातले. परंतु धर्माचा स्वामी जो ख्रिस्त तो आपल्याला अजून भेटलेला नाही, अशी कबुली त्यांनी स्वतःजवळ दिली. ज्या बुद्धीच्या बळावर त्या कलकत्त्यापासून चेल्टनहॅमपर्यंत जिंकत आल्या होत्या ती बुद्धी येथे पुरी पडली नाही. पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी हे सारे निःसंकोच नोंदवले आहे. आजीबाई आणि बिशप यांना जे जमले नाही ते एका अपरिचित माणसाच्या पुस्तकाने केले, कारण त्या पुस्तकाने त्यांना आज्ञा केली नव्हती.

या बदलाचे पडसाद सदनात उमटणारच होते. बाई सकाळी आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे ठेवीत. काही मुली येऊन बसू लागल्या. बाईंनी कोणावर सक्ती केली नाही. पण कोणाला हाकलूनही दिले नाही. शहरात बोभाटा झाला. ‘केसरी’ने कडक टीका केली. सल्लागार समितीवरील न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांनी १८९३ मध्ये राजीनामे दिले व पालकांना सावध केले. सुमारे पंचवीस मुली सदनातून काढून नेण्यात आल्या. येथे कोणाला दोष द्यावा? ज्या पालकांनी तटस्थतेच्या शब्दावर विसंबून विधवा मुली पाठवल्या, त्यांना फसगत झाल्यासारखे वाटले तर ते अस्वाभाविक नव्हते. रानडे हे बाईंचे शत्रू नव्हते. त्या पुण्यास आल्या तेव्हापासून त्यांनी पाठिंबा दिला होता. उलटपक्षी आपले देवघर कुलूपबंद ठेवा असे कोणत्याही गृहिणीला सांगता येत नाही, हे बाईंचे म्हणणेही मला डावलता येत नाही. जवळच्या माणसांनी पाठ फिरवल्याचा घाव मोठा असतो. बाईंनी तो सोसला, सदन चालू ठेवले, पुन्हा मुली आल्या.

त्यांच्या श्रद्धेचे खरे मोजमाप १८९६-९७ च्या दुष्काळात झाले. मध्य प्रांतातील बातम्या कानी आल्या तेव्हा बाईंची प्रथम पावले अडखळली. पैसा नाही, जागा नाही. आणि दुष्काळ म्हणजे काय हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? झाडाची पाने खाऊन काढलेले ते दिवस, डोक्यावर घेतलेली ती तिरडी. परंतु त्याच आठवणीने त्यांना घराबाहेर काढले. आपण त्या वेळी का वाचलो या जुन्या प्रश्नाला त्यांना आता एक उत्तर सुचले होते. भुकेल्या मुलींच्या अनाथपणाचा फायदा घेऊन त्यांना पळवणारी माणसे गावोगाव फिरत होती. बाई त्यांच्या आधी पोचण्याची धडपड करीत. हाडांचे सापळे झालेल्या, अंगावर फोड उठलेल्या, खाणे दिले तर ते पदराखाली लपवून ठेवणाऱ्या मुली त्यांनी शेकड्यांनी गोळा केल्या. पुण्यात प्लेग सुरू झाल्याने त्यांना शहरात ठेवता येईना, म्हणून सोलापूरच्या लोहमार्गावरील केडगाव येथे फळबागेसाठी घेतलेल्या शेतात त्यांची सोय केली. अगोदर तंबू व झोपड्या, मग विहिरी, मग इमारती. या वसाहतीचे नाव ‘मुक्ती’.

१९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या व केडगावची संख्या दोन हजारांच्या जवळ पोचली. बोस्टनच्या मंडळाचा दहा वर्षांचा करार संपलेला होता. ठरावीक उत्पन्न कोठलेच नव्हते. तेथील दिनक्रम मोठा पाहण्यासारखा होता: एकीकडे हातमाग, दुसरीकडे तेलाचा घाणा, गाईंचा गोठा, भाजीपाल्याचे मळे, अंध मुलींसाठी ब्रेल लिपीचा वर्ग, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’. फुलम येथे जे पाहिले होते ते येथे मराठी मातीत उभे राहिले. बाई स्वतः पांढरे सुती लुगडे नेसत व शाकाहारी जेवण घेत. मनोरमाबाई उजव्या हाताप्रमाणे राबत होत्या. पुढे निजामाच्या राज्यात गुलबर्गा येथे त्यांनी मुलींची शाळा काढली.

उतारवयात बाईंनी आणखी एक काम अंगावर घेतले. मराठी बायबलाची जी भाषांतरे प्रचारात होती ती त्यांना फार संस्कृतप्रचुर वाटत. खेड्यातल्या अशिक्षित बाईला ती कळत नाहीत, ही त्यांची तक्रार होती. संस्कृतच्या पंडितेने संस्कृत शब्दांना नकार द्यावा यात एक मौज आहे. आमच्या साष्टीत फादर स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ रचले व १६१६ मध्ये रायतूर येथे ते छापले गेले, तेव्हा मराठी ओवीचा आश्रय घेऊन त्यांनी हाच प्रश्न आपल्या परीने सोडवला होता. घरी कोंकणी बोलून शाळेत पुस्तकी मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला तर तो रोजच भेटतो. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून मूळ ग्रंथावरून, खेडवळ स्त्रीला समजेल अशा बोलीत, संपूर्ण बायबलाचे भाषांतर एकटीने सुरू केले. त्याला पुष्कळ वर्षे लागली. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम तेथल्याच मुली करीत, म्हणजे एके काळी दुष्काळात वेचून आणलेल्या.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. त्यानंतर दोन वर्षांनी, १९२१ च्या जुलैत, चाळीस वर्षांची मनोरमा वारली. आई, वडील, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती कन्या. ज्यांना ज्यांना बाईंनी आपले म्हटले त्या सर्वांच्या मागे त्या उरल्या. प्रकृती ढासळत होती, कान जवळजवळ मिटले होते. भाषांतराची मुद्रिते तपासण्याचे काम मात्र त्यांनी सोडले नाही. शेवटची मुद्रिते तपासून होईपर्यंत देवाने आपल्याला वेळ द्यावा अशी प्रार्थना त्या करीत होत्या, असे केडगावात सांगत. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला, तेव्हा ती मुद्रिते पुरी झालेली होती. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडला.